शिक्षा झाली, उत्तर कोणी दिले? : ‘घाशीराम कोतवाल’ आणि ‘अर्धसत्य’ यांतील कोठडीतील मृत्यू व उत्तरदायित्वाचा प्रश्न

सारांश

विजय तेंडुलकर यांचे ‘घाशीराम कोतवाल’ (१९७२) हे नाटक आणि त्यांची पटकथा लाभलेला गोविंद निहलानी दिग्दर्शित ‘अर्धसत्य’ (१९८३) हा चित्रपट या दोन्ही कलाकृतींत कथानकाला निर्णायक वळण देणारी घटना कोठडीतील मृत्यूची आहे. दोन्हींच्या शेवटी हिंसा करणारा अधिकारी संपतो. परंतु त्या मृत्यूचे उत्तर मात्र कोणीही देत नाही. शिक्षा आणि उत्तरदायित्व या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या दोन कलाकृतींच्या एकत्रित वाचनातून स्पष्ट होते, अशी प्रस्तुत निबंधाची मांडणी आहे. त्याच काळातील कायद्याच्या इतिहासाशी ही मांडणी ताडून पाहण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

बीजशब्द : कोठडीतील मृत्यू, पोलिसी बळाचा वापर, उत्तरदायित्व, तेंडुलकर, घाशीराम कोतवाल, अर्धसत्य.

प्रस्तावना

तेंडुलकरांच्या साहित्याचा विचार करताना ‘हिंसा’ हा शब्द मराठी समीक्षेत इतका रूढ झाला आहे की त्याची धार बोथट झाल्यासारखी वाटते. ‘गिधाडे’, ‘सखाराम बाइंडर’, ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या नाटकांच्या संदर्भात मानवी मनातील आदिम हिंस्रतेची चर्चा विपुल प्रमाणात झाली. मात्र खाजगी घरातील हिंसा आणि शासनाने दिलेल्या अधिकारातून घडणारी हिंसा यांत मूलभूत फरक आहे, याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. नवऱ्याने बायकोला मारणे आणि फौजदाराने कोठडीतील माणसाला मारणे या दोन्ही कृती निंद्यच होत. परंतु दुसऱ्या कृतीत मारणाऱ्याच्या अंगावर गणवेश असतो, दाराची किल्ली त्याच्याकडे असते आणि त्या घटनेची नोंदही त्यालाच करायची असते. म्हणून या हिंसेचा विचार केवळ मानसशास्त्राच्या अंगाने करून भागत नाही. तो उत्तरदायित्वाच्या अंगानेही करावा लागतो.

प्रस्तुत लेखकाने पदवीच्या वर्गात ‘अर्धसत्य’ची चर्चा अनेकदा घेतली आहे. विद्यार्थी अनंत वेलणकरच्या घुसमटीवर भरभरून बोलतात. त्याचे वडील, त्याचा अपमान, ज्योत्स्नाशी असलेले त्याचे नाते यांवर उत्तम उत्तरे लिहितात. कोठडीत मेलेल्या त्या किरकोळ चोराविषयी मात्र सहसा कोणी प्रश्न विचारत नाही. हा दोष विद्यार्थ्यांचा, कलाकृतीचा, की आपण तिला लावलेल्या वाचनपद्धतीचा, हा प्रश्नच प्रस्तुत निबंधाचे मूळ आहे.

या अनुषंगाने पुढील मुद्द्यांचा विचार येथे केला आहे : (१) दोन्ही कलाकृतींत अधिकाऱ्याच्या हिंसेला संरक्षण कोठून मिळते, (२) शेवटी होणाऱ्या शिक्षेचे स्वरूप काय आहे, (३) कोठडीत मेलेल्या माणसाला कलाकृतीत कोणते स्थान मिळते, आणि (४) या प्रश्नाला कायद्याने दिलेला प्रतिसाद कितपत पुरेसा ठरला आहे.

‘घाशीराम कोतवाल’ : पापाचे खाते

घाशीराम सावळदास हा उत्तर पेशवाईतील पुण्याचा कोतवाल. इ. स. १७७७ मध्ये त्याची नेमणूक झाली आणि ऑगस्ट १७९१ मध्ये जमावाने दगडांनी ठेचून त्याचा अंत केला. या अंताला कारण ठरलेली घटना कोठडीतील मृत्यूचीच होती. पुण्यात आलेल्या तेलंगी ब्राह्मणांना चोरीच्या आरोपावरून एका कोंदट जागेत डांबण्यात आले आणि त्यांतील वीसहून अधिक जण गुदमरून मेले. तेंडुलकरांनी आपले नाटक ऐतिहासिक नसल्याचे स्पष्टपणे सांगितले होते. तरीही इतिहासातील हा मृत्यूंचा प्रसंग त्यांनी नाटकाच्या निर्णायक टप्प्यावर कायम ठेवला, ही बाब लक्षणीय आहे.

१६ डिसेंबर १९७२ रोजी प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाखाली या नाटकाचा पहिला प्रयोग केला. त्यानंतर उसळलेला वाद सर्वश्रुत आहे. नाना फडणवीसांची आणि ब्राह्मण समाजाची बदनामी झाली, असा आक्षेप घेतला गेला, प्रयोग थांबले आणि १९७४ पासून थिएटर अकादमीने ते पुन्हा सुरू केले. या वादाचा एक परिणाम फारसा नोंदवला गेलेला नाही. नाटकात चित्रित झालेले नाना खरे की खोटे, या प्रश्नाने सर्व चर्चा व्यापली. गुदमरून मेलेल्या माणसांचे काय, हा प्रश्न त्या चर्चेत आला नाही. प्रतिष्ठिताची प्रतिमा हाच वादाचा विषय ठरला.

नाटकाची रचना पाहिली असता असे दिसते की घाशीराम हा आधी पोलिसी अन्यायाचा बळी आहे. कनोजहून पोट भरण्यासाठी आलेल्या या परक्या ब्राह्मणावर चोरीचा खोटा आळ येतो, त्याला मार बसतो, कोठडी भोगावी लागते आणि शहराबाहेर हाकलले जाते. सूडाची प्रतिज्ञा करून तो परततो, पोटच्या मुलीला नानांच्या वासनेच्या स्वाधीन करतो आणि त्या बदल्यात कोतवाली मिळवतो. पुढे परवान्यांचे राज्य सुरू होते. रात्री बाहेर पडण्यास परवाना, घरात पाहुणा ठेवण्यास परवाना. संशयितावर तापलेल्या लोखंडी गोळ्याचे दिव्य लादले जाते. ज्याला खोट्या आळापायी मार बसला होता, तोच आता माराच्या जोरावर कबुली मिळवतो.

येथपर्यंत ही सूडकथा वाटते. परंतु नाटकाचा कणा नानांच्या हिशेबात आहे. कोतवालपद देताना नानांना एक गोष्ट पक्की ठाऊक असते. घाशीराम परका आहे, शहराला तो नकोसा आहे, त्याच्या जुलमावर सर्वांची नजर खिळलेली राहील आणि त्या आडोशाला आपलीही कृत्ये त्याच्या नावावर जमा होतील. सत्ताधाऱ्याने अधिकाऱ्याला दिलेले अभय हे मुळात एक खाते असते. त्यात दोघांचीही पापे भरली जातात, पण खातेदार म्हणून नाव एकाचेच असते. खाते फार फुगले की ते बंद करायचे. गुदमरलेल्या ब्राह्मणांमुळे जमाव खवळतो तेव्हा नाना नेमके हेच करतात. घाशीरामच्या मृत्यूच्या आज्ञेवर ते सही करतात, त्याला जमावाच्या हाती देतात आणि त्याच्या अंतानंतर उत्सवाची घोषणा करतात.

या शेवटाला ‘न्याय’ म्हणता येईल काय? शिक्षा झाली, आणि तीही अत्यंत क्रूर. परंतु कोठडीची ती जागा कोणी नेमली, तिच्यात किती माणसे कोंडावीत यावर कोणाची देखरेख होती, कोतवालाविरुद्धच्या तक्रारी आजवर कोणाकडे जात होत्या आणि तेथे त्यांचे काय होत होते, यांपैकी एकाही प्रश्नाची चौकशी होत नाही. चौकशी झाली असती तर ती नानांच्या दारापर्यंत गेली असती. म्हणून दगड आवश्यक होते. जमावाचा रोष ही येथे चौकशी टाळण्याची सोय ठरते. कोतवाल मरतो, कोतवाली मात्र राहते.

या संदर्भात नाटकातील मानवी भिंतीचा विचार नव्याने करावा लागेल. रंगमंचावर ओळीने उभे राहणारे ब्राह्मण कधी गायक होतात, कधी जमाव होतात आणि कधी प्रेक्षकांकडे पाठ करून भिंत होतात. या तंत्राची प्रशंसा लोकनाट्याच्या अंगाने पुष्कळ झाली. पण तिचा अर्थ तंत्रापुरता मर्यादित नाही. ही भिंत विटांची नाही, माणसांची आहे. म्हणजे तिला डोळे आहेत आणि तिने सर्व पाहिलेले आहे. भिंतीपलीकडे काय चालले आहे ते ठाऊक असूनही ती पाठ करून उभी राहते आणि सोयीचे झाले की तीच भिंत मोडून हाती दगड घेतलेला जमाव होतो. अत्याचार झाकणारे आणि अत्याचाऱ्याला ठेचणारे लोक तेच असतात, हे नाटकाचे सर्वांत अस्वस्थ करणारे विधान आहे.

‘अर्धसत्य’ : एकाच हाताच्या दोन मारहाणी

श्री. दा. पानवलकर यांच्या ‘सूर्य’ या कथेवर आधारलेल्या ‘अर्धसत्य’ची पटकथा तेंडुलकरांची, संवाद वसंत देव यांचे आणि शीर्षक ज्या कवितेतून आले ती दिलीप चित्रे यांची. हिंदीत बनलेल्या या चित्रपटाची मुळे अशी मराठी साहित्यात आहेत. यातील भूमिकेसाठी ओम पुरी यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चित्रपटाचा काळही ध्यानात घेतला पाहिजे. जानेवारी १९८२ मध्ये मुंबईतील गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबईच्या पोलीस शिपायांनीही आपल्या मागण्यांसाठी बंड पुकारले. तुटपुंजा पगार, अमर्याद ड्यूटी आणि वरिष्ठांकडून होणारी अवहेलना या पार्श्वभूमीवर सब-इन्स्पेक्टर वेलणकरकडे पाहिले पाहिजे. त्याच्या दुःखाला वास्तवाचा आधार आहे, हे नाकारण्याचे कारण नाही.

चित्रपटात कोठडीतील मारहाण ठळकपणे दोनदा येते. एका वस्तीतील माणूस आपल्या बायकोला त्रास देणाऱ्या गुंडांविरुद्ध तक्रार घेऊन येतो. वेलणकर त्या गुंडांना पकडतो आणि बेदम मारतो. प्रेक्षक मनोमन त्याच्या बाजूचा असतो. पण ते गुंड आमदाराच्या कामाचे असतात. परिणामी निलंबनाची टांगती तलवार येते आणि इन्स्पेक्टर हैदर अली त्याला सांगतो की येथे नियमांनी सुटका होणार नाही. देसाई नावाचा मध्यस्थ दिल्लीतील ओळख वापरतो आणि प्रकरण मिटते.

दुसरी मारहाण चित्रपटाच्या उत्तरार्धात येते. रामा शेट्टीला अटक करण्यास गेलेल्या वेलणकरला वरिष्ठांच्या एका फोनमुळे रिकाम्या हाताने परतावे लागते. जिवावर उदार होऊन पकडलेल्या दरोडेखोराचे श्रेय दुसऱ्याच अधिकाऱ्याला दिले जाते. या सर्वांचा संताप, दारू आणि लहानपणी पाहिलेला बापाचा हात हे सारे एका रात्री एका क्षुल्लक चोरावर कोसळते आणि तो मरतो.

समीक्षेने या दोन प्रसंगांकडे सामान्यतः चढत्या ऱ्हासाच्या दोन पायऱ्या म्हणून पाहिले. आधी नीतिमान संताप, मग अंध संताप. प्रस्तुत लेखकाच्या मते हे वाचन अपुरे आहे. दोन्ही वेळी हात एकच आहे, खोली एकच आहे आणि कायद्याच्या दृष्टीने कृतीही एकाच जातीची आहे. अटकेतील माणसाला मारण्याचा अधिकार वेलणकरला पहिल्या वेळीही नव्हता. फरक इतकाच की पहिल्या वेळी मार खाणारे आपल्याला नकोसे होते. आपण जेव्हा पहिल्या मारहाणीला मनोमन संमती देतो, तेव्हा दुसऱ्या मारहाणीची किल्लीही आपणच त्याच्या हाती देतो. ‘पोलिसांनी दोन ठेवून द्यायला हव्यात’ हे आपल्या चौकाचौकांत ऐकू येणारे वाक्य म्हणजे या किल्लीचेच दुसरे नाव होय.

याहून महत्त्वाचा मुद्दा संरक्षणाचा आहे. पहिल्या वेळी वेलणकरवर होणारी कारवाई मारहाणीसाठी होत नाही. आमदाराची माणसे दुखावली म्हणून होते. ती टळते तीही निर्दोषत्व सिद्ध झाल्यामुळे टळत नाही. आमदाराहून मोठी ओळख सापडल्यामुळे टळते. दुसऱ्या वेळी मृत्यू इतका उघड असतो की देसाईंचा उपाय चालत नाही आणि हैदर अली त्याला रामा शेट्टीकडे जाण्याचा सल्ला देतो. म्हणजे ज्याला पकडण्यासाठी तो पोलीस झाला, त्याच्याच आश्रयाने तो पोलीस राहू शकतो. पोलिसाला वाचवणारी आणि पोलिसाला बांधून ठेवणारी दोरी एकच असते, हे या चित्रपटाने जितक्या स्वच्छपणे दाखवले तितके भारतीय चित्रपटात क्वचितच दिसते. निलंबित होऊन दारूत बुडालेला लोबो हे या व्यवस्थेचे दुसरे टोक. ज्याची दोरी तुटली त्याचे काय होते, हे तो दाखवतो.

शेवटी वेलणकर शेट्टीचा गळा दाबतो आणि पोलीस ठाण्यात जाऊन स्वतःला स्वाधीन करतो. हा शेवट प्रभावी आहे, यात शंका नाही. पण नीट पाहिल्यास कबुली कोणत्या मृत्यूची आहे? ती शेट्टीच्या खुनाची आहे. चोराच्या मृत्यूविषयीचा प्रश्न दुसऱ्या, अधिक समाधान देणाऱ्या मृत्यूखाली गाडला जातो. प्रेक्षक वेलणकरचे अर्धे पाप माफ करूनच चित्रपटगृहाबाहेर पडतो. घाशीरामच्या वेळी जमावाच्या दगडांनी चौकशी टाळली, तर येथे नायकाच्या आत्मनाशाने ती टाळली.

अनुत्तरित मृत

दोन्ही कलाकृतींच्या मर्यादेचाही निर्देश येथे करणे आवश्यक आहे. गुदमरलेल्या ब्राह्मणांना नाटकात नावे नाहीत. चित्रपटातील चोराचे घर आपल्याला दिसत नाही. त्याच्या दारात निरोप घेऊन कोण गेले, ते कळत नाही. हिंसा करणाऱ्याला मात्र दोन्हीकडे पूर्वेतिहास, मुलगी, बाप, प्रेयसी, अपमान असे सर्व काही लाभले आहे. शोकांतिका त्याची होते. तेंडुलकरांचे कुतूहल हिंसेच्या उगमाविषयी होते, त्यामुळे असे होणे स्वाभाविक आहे आणि त्याबद्दल त्यांना दोष देणे अन्यायाचे ठरेल. परंतु वाचकाने आणि अध्यापकाने तेथेच थांबणे योग्य नाही. कारण कोठडीतील मृत्यूच्या बाबतीत ज्याला सर्व ठाऊक आहे तो आरोपी असतो आणि ज्याला सांगायचे आहे तो मेलेला असतो. कलाकृतीनेही पहिल्याचीच बाजू ऐकवली, तर दुसऱ्याचे मौन दुप्पट होते.

या दोघांत तुलनेने ‘घाशीराम’ अधिक जागरूक आहे असे म्हणावे लागेल. त्यातील शेवटचा उत्सव प्रेक्षकाला समाधान देत नाही, तर शरम देतो. ‘अर्धसत्य’मध्ये ही शरम पहिल्या मारहाणीच्या वेळी निर्माण होऊ शकली असती, ती तेथे होत नाही.

पुढील काळात तर हा संदेहही संपला. ‘सिंघम’ (२०११) या लोकप्रिय चित्रपटाच्या शेवटी पोलीस अधिकारीच खलनायकाला ठार करून आत्महत्येचा देखावा उभा करतात आणि चित्रपटगृह टाळ्यांनी दुमदुमते. मुंबई उच्च न्यायालयाचे तत्कालीन न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी २०२३ मध्ये एका जाहीर भाषणात अशा चित्रपटांतून जाणारा संदेश धोकादायक असल्याचे म्हटले होते. वेलणकरच्या हाताला निदान कंप होता. सिंघमच्या हाताला तो नाही, आणि तो नसणे हेच त्याचे आकर्षण झाले आहे.

दोन वर्षे, दोन घटना : कायद्याची बाजू

१९७२ आणि १९८३ ही वर्षे महाराष्ट्रातील पोलीस कोठडीच्या इतिहासातही महत्त्वाची आहेत. ‘घाशीराम’चा पहिला प्रयोग होण्यापूर्वी सुमारे नऊ महिने, मार्च १९७२ मध्ये, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील (आताच्या गडचिरोलीतील) देसाईगंज पोलीस ठाण्यात एका तरुण आदिवासी मजूर मुलीवर पोलिसांनी बलात्कार केला, असा आरोप झाला. ‘मथुरा खटला’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रकरणात उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने पोलिसांना दोषी ठरवले. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. मुलीच्या अंगावर प्रतिकाराच्या खुणा नाहीत, या मुद्द्याला त्या निकालात मोठे वजन मिळाले. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लतिका सरकार आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. ठाण्याच्या बंद दाराआड, गणवेशधाऱ्यांसमोर उभ्या असलेल्या गरीब मुलीकडून प्रतिकाराच्या खुणा मागणे म्हणजे काय, असा त्या पत्राचा रोख होता.

त्यातून उभ्या राहिलेल्या देशव्यापी चळवळीनंतर १९८३ मध्ये, म्हणजे ‘अर्धसत्य’च्याच वर्षी, फौजदारी कायद्यात दुरुस्ती झाली. पुरावा कायद्यात कलम ११४-अ आले. कोठडीतील बलात्काराच्या खटल्यात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि स्त्रीने संमती नसल्याचे न्यायालयात सांगितले, तर संमती नव्हती असे न्यायालय गृहीत धरील, अशी ही तरतूद होती. या दुरुस्तीचे खरे महत्त्व शिक्षा वाढवण्यात नव्हते. उत्तर देण्याचा भार तिने कोठडीत असलेल्या व्यक्तीकडून काढून कोठडीची किल्ली ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे नेला. ‘उत्तरदायित्व’ या मराठी शब्दाचा अक्षरशः अर्थ हाच आहे : उत्तर देण्याचे दायित्व.

कोठडीतील मारहाण आणि मृत्यू यांबाबत असाच भार हलवावा, अशी शिफारस विधी आयोगाने १९८५ च्या ११३ व्या अहवालात केली. पोलीस कोठडीत असताना इजा झाली असेल, तर ती ताब्यात ठेवणाऱ्या अधिकाऱ्याने केली असे न्यायालयाला गृहीत धरता यावे, यासाठी कलम ११४-ब सुचवण्यात आले. ते कायद्यात आले नाही. पुरावा कायद्याची जागा घेणाऱ्या, जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते नाही. म्हणजे वेलणकरच्या कोठडीतील चोर आज मेला, तरी मारल्याचे सिद्ध करण्याचा भार कायद्याच्या दृष्टीने मूलतः फिर्यादी पक्षावरच राहील. आणि साक्षीदार असतील ते त्याच ठाण्यातील सहकारी किंवा शेजारच्या कोठडीतील आरोपी.

मारहाणीमागे कायद्याच्या रचनेतील एक कारणही आहे. पोलिसांसमोरील कबुली पुराव्यात चालत नाही, हा नियम १८७२ च्या पुरावा कायद्यापासून आहे. त्यामागे पोलिसांच्या कबुलीविषयीचा अविश्वासच होता. परंतु आरोपीने दिलेल्या माहितीवरून चोरीचा माल सापडला, तर त्या माहितीचा तेवढा भाग कलम २७ नुसार ग्राह्य ठरत असे; नव्या कायद्यानेही ही सवलत ठेवली आहे. त्यामुळे माल काढून देईपर्यंत मारायचे, मग पंच बोलावून पंचनामा करायचा, ही वहिवाट पडली. कोठडीत मार खाणारा माणूस पुष्कळदा किरकोळ चोरीतला असतो, याचे एक कारण येथे सापडते. त्याच्यासाठी फोन करणारा कोणीही नसतो, हे दुसरे.

न्यायालयांनी मात्र मार्ग काढण्याचा प्रयत्न केला. डिसेंबर १९९६ च्या डी. के. बसू निकालात सर्वोच्च न्यायालयाने अटकेसंबंधी अकरा बंधने घातली. अटक करणाऱ्याने नावाची स्पष्ट पट्टी लावावी, अटकेचा पंचनामा करून त्यावर साक्षीदाराची सही घ्यावी, नातेवाइकांना कळवावे, दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी करावी, इत्यादी. २००५ च्या दुरुस्तीने कोठडीतील मृत्यूची चौकशी न्यायदंडाधिकाऱ्यांकडे दिली. सप्टेंबर २००६ च्या प्रकाश सिंह निकालाने राज्य व जिल्हा पातळीवर पोलीस तक्रार प्राधिकरणे स्थापण्याचा आदेश दिला आणि महाराष्ट्राने २०१४ मध्ये पोलीस अधिनियमात दुरुस्ती करून त्यांची तरतूद केली. डिसेंबर २०२० मध्ये प्रत्येक पोलीस ठाण्यात सीसीटीव्ही कॅमेरे बसवण्याचा आदेश झाला. छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९९७ मध्ये सही केली. पण त्याला मान्यता देण्याचे राहूनच गेले. त्यासाठीचे विधेयक २०१० मध्ये लोकसभेत मंजूर झाले, राज्यसभेत अडकले आणि शेवटी बाद झाले.

या उपायांचे स्वरूप पाहता एक गोष्ट ध्यानात येते. हे सर्व उपाय भिंतीला खिडकी पाडण्याचे आहेत आणि खिडकी उघडी ठेवण्याचे काम मात्र भिंतीवरच सोपवले आहे. अटकेची नोंद पोलिसांनीच करायची, कॅमेरा पोलिसांनीच चालू ठेवायचा, प्राधिकरणाने केलेल्या शिफारशीवर शासनानेच निर्णय घ्यायचा. २०१७ मध्ये सांगलीत कोठडीत मेलेल्या तरुणाचा मृतदेह आंबोलीला नेऊन जाळण्यात आला आणि आरोपी पळून गेल्याचे भासवले गेले, तेव्हा नोंद लिहिणारा हातच खोटे लिहीत होता. परभणीत डिसेंबर २०२४ मध्ये अटकेनंतर न्यायालयीन कोठडीत एका तरुणाचा मृत्यू झाला. त्या प्रकरणी दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीत पोलिसांवर ठपका आल्यावरही गुन्हा नोंदवण्यासाठी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला २०२५ मध्ये आदेश द्यावा लागला. त्याच वर्षी पोलीस ठाण्यांतील बंद कॅमेऱ्यांची सर्वोच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. तेंडुलकरांची भिंत पाठ फिरवून उभी होती. आजची भिंत कॅमेरा नादुरुस्त असल्याचे कळवते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. ‘घाशीराम कोतवाल’ आणि ‘अर्धसत्य’ या दोन्ही कलाकृतींत पोलिसी हिंसेचे मूळ व्यक्तीच्या मनाइतकेच सत्तेने दिलेल्या अभयात आहे. हे अभय विनामूल्य नसते; त्याच्या मोबदल्यात अधिकारी सत्तेच्या ताब्यात जातो.

२. दोन्हींच्या शेवटी शिक्षा आहे, पण उत्तरदायित्व नाही. एका व्यक्तीचा बळी देऊन व्यवस्थेची चौकशी टाळली जाते. या अर्थाने निलंबनाची बातमी हाही आपल्या काळातील एक लहानसा उत्सवच ठरतो.

३. पहिल्या, ‘योग्य’ वाटणाऱ्या मारहाणीला समाजाने दिलेली संमती ही दुसऱ्या, प्राणघातक मारहाणीची पूर्वतयारी असते. अतिरिक्त बळाला विरोध करायचा असेल, तर तो नकोशा माणसाच्या बाबतीतही करावा लागेल.

४. कायद्याच्या इतिहासात जेथे उत्तराचा भार कोठडीच्या धन्यावर टाकला गेला तेथेच मूलभूत बदल झाला. १९८३ ची दुरुस्ती हे त्याचे उदाहरण होय. कोठडीतील इजा व मृत्यू यांबाबत असाच भार टाकणारी तरतूद चार दशके प्रतीक्षेत आहे.

समारोप

तेंडुलकर हे कायद्याचे भाष्यकार नव्हते आणि त्यांच्याकडून उपाययोजनेची अपेक्षा करणे गैर ठरेल. त्यांनी रोग दाखवला आणि तो दाखवताना आपल्यालाही त्या भिंतीत उभे केले. त्यापुढील काम वाचकाचे आहे. घाशीरामला दगड बसले तेव्हा पुणेकरांना न्याय झाल्यासारखे वाटले. वेलणकरने शेट्टीचा गळा दाबला तेव्हा आपल्यालाही तसेच वाटले. दोन्ही वेळी कोठडीच्या आत एक प्रेत होते आणि त्याच्याविषयी विचारणारे कोणी नव्हते. यापुढे वर्गात ‘अर्धसत्य’ शिकवताना पहिला प्रश्न वेलणकरविषयी विचारण्याऐवजी तो चोर कोण होता, येथून आरंभ करावा, असे प्रस्तुत लेखकास वाटते. त्या प्रश्नाचे उत्तर चित्रपटात नाही. ते तेथे का नाही, हे शोधताना विद्यार्थ्याला आपल्या गावच्या पोलीस ठाण्याकडेही वेगळ्या नजरेने पाहावे लागेल. आणि साहित्याच्या अध्यापनाने एवढे केले तरी ते थोडे नव्हे.